तालमीविना गॅदरिंग

'तालीम' हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा मूळ अर्थ शिक्षण. मराठीने तो उचलला आणि दोन ठिकाणी नेऊन बसवला. लाल मातीचा आखाडा ती तालीम, आणि नाटक उभे राहण्याआधी दिवसचे दिवस चालतो तो सरावही तालीम. ज्या जागेवर त्याचा पहिला हक्क होता ती शाळा तेवढी सुटली. शाळेत अभ्यास होतो, पाठांतर होते, कवायत होते. तालीम होते ती फक्त गॅदरिंगच्या आधीचे दहा-पंधरा दिवस. मुलांचा आवाज आणि शरीर घडवण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. ती इथे पिढ्यान्‌पिढ्या पद्धतशीर शिकवली गेली, पण शाळेच्या भिंतीबाहेर. शाळेने त्या विद्येचे फळ, म्हणजे प्रयोग, तेवढे आत घेतले आणि रोजची मेहनत उंबऱ्याबाहेर ठेवली. शाळांतून नाट्यशिक्षण द्यावे असा विषय निघाला की काहींना ते परदेशातून आलेले नवे खूळ वाटते, आणि बाकीच्यांना वाटते की ते दरवर्षी गॅदरिंगला होतेच आहे. या दोन्ही समजुती इतिहासाला धरून नाहीत, आणि दुसरी पहिलीपेक्षा जास्त नुकसान करते.

हे मुंबईतल्या खारदांड्यापासून पाहायला सुरुवात करण्याला कारण आहे. खार रेल्वे स्थानक १९२४ साली सुरू झाले आणि त्याच्या आसपास आखीव रस्त्यांचे उपनगर वसत गेले. पण पश्चिमेला समुद्राच्या काठावरचा दांड्याचा कोळीवाडा त्याच्या कितीतरी आधीचा. होड्या, पसरून ठेवलेली जाळी, सुकत घातलेली मासळी, नारळी पौर्णिमा आणि शिमगा, असे त्याचे वर्ष चालते. मासळी विकणाऱ्या बाईचा आवाज बाजाराच्या कालव्यातून आरपार जातो, कारण तो नुसत्या घशातून येत नाही. त्याच्याखाली पोटाचा भाता असतो. वारा सुटलेला असताना काठावरून होडीतल्या माणसाला हाक घालायची तर शब्दातला स्वर लांबवावा लागतो. व्यंजने वाऱ्यावर उडून जातात, स्वर पोहोचतो. असे हे शिक्षण कोळीवाड्यातल्या पोराला कुणी न शिकवता मिळते. आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या गॅदरिंगला जा, कोळीनृत्य असतेच. कमरेला रुमाल, डोक्याला टोपी, हातात पुठ्ठ्याचे वल्हे आणि मागे मोठ्या आवाजात लावलेले ध्वनिमुद्रित गाणे. वल्हवण्याची खूण मुले मनगटाने करतात. खरे वल्हे मारताना जोर टाचेपासून निघतो, मांड्यांतून कमरेत येतो, कमरेतून पाठीत, पाठीतून खांद्यात. मनगटाचे काम सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत थोडे. वल्हे पुठ्ठ्याचे असले तरी वजन लाकडाचे दिसले पाहिजे, पुढे पाणी आहे असे पाहणाऱ्याला वाटले पाहिजे. आंगिक अभिनयाची पहिली पायरी हीच. ती गाळून नाच बसवला जातो. गाणे यंत्रावर असल्यामुळे त्या पाच मिनिटांत रंगमंचावरच्या एकाही मुलाच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडत नाही. ज्या समाजाची हाक आणि ज्याच्या शरीराची लय घेऊन हा नाच झाला, त्याची हाकही त्यात उरलेली नाही आणि लयही.

हे नेहमीच असे नव्हते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा पात्रांना बांधीव संवाद नव्हते. सूत्रधार पदे म्हणे, पात्रे प्रसंगाला धरून बोलत आणि राक्षस 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत येई. बोलणे ऐनवेळचे असले तरी आवाज ऐनवेळचा चालत नसे. ध्वनिवर्धक नसताना शेवटच्या माणसापर्यंत तो जायचा तर छातीत आधीच तयार असावा लागे. कोकणातल्या दशावतारात आजही संहिता लिहिलेली नसते, आणि तिथला नवखा पोरगा शिकतो ते जाणत्यांच्या शेजारी उभा राहून. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि चित्र बदलले. आता संवाद लिहिलेले, पदे बांधलेली, आणि प्रत्येकाच्या हातात त्याची 'नक्कल', म्हणजे त्याच्या भूमिकेपुरते उतरवून दिलेले लेखन. नक्कल पाठ होणे ही सुरुवात होती. पुढचे काम तालीम मास्तरांचे. गोविंद बल्लाळ देवल हे 'शारदा'चे नाटककार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या काळात त्यांचा तालीम मास्तर म्हणून तितकाच दबदबा होता. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा त्यांना भूमिकेची तालीम दिली ती देवलांनी. जन्मजात गळा लाभलेल्या मुलालाही बोलायला, चालायला, उभे राहायला शिकवावे लागते, हे त्या पिढीने गृहीत धरले होते. केशवराव भोसले पोरवयात शारदेच्या भूमिकेत गाजले, दीनानाथ मंगेशकर १९१४ साली चौदाव्या वर्षी किर्लोस्कर मंडळीत आले, सौदागर गोरे १९२८ साली दहाव्या वर्षी बालमोहन नाटक मंडळीत दाखल झाले आणि पुढे छोटा गंधर्व म्हणून ओळखले गेले. ही सगळी शाळेत जायच्या वयाची मुले होती.

या तालमीत काय होते हे मराठी नाट्यव्यवसायाने मागे ठेवलेल्या शब्दांवरून नीट कळते. 'शब्दफेक' हा शब्द घ्या. शब्द फेकायचा, म्हणजे तो कुणाकडे फेकायचा, किती लांब, आणि तो तिथे पोहोचेपर्यंत हातातून सुटलेला असला तरी त्याच्यावर ताबा कसा ठेवायचा, हे सगळे त्या एका शब्दात आहे. 'पल्लेदार' वाक्य म्हणजे एका दमात जाणारे लांब वाक्य. श्वास कुठे घ्यायचा हे ठरलेले नसेल तर ते मध्येच कोसळते. 'रंगीत तालीम' वेगळी आणि साधी तालीम वेगळी, कारण पोशाख चढला की चाल बदलते. नऊवारी नेसून बसणे-उठणे हे मुलग्यांना शिकवावे लागे, आणि ते शिकताना शरीराचा तोल कुठे असतो हे त्यांना कळे. या शब्दांच्या मागे जुने शास्त्रही उभे आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. मस्तकाच्या हालचाली तेरा, नजरेचे प्रकार छत्तीस, हातांचे सगळे मिळून सदुसष्ट. आवाजाची तीन स्थाने दिली आहेत, छाती, कंठ आणि मस्तक. नाटक कंपनीतल्या कुणी हा ग्रंथ समोर ठेवून पोरांना शिकवले असे मी म्हणत नाही. पण आवाज शरीरात कुठून निघतो हे आधी पाहायचे आणि शब्दाकडे मग वळायचे, ही दृष्टी दोन्हीकडे सारखीच आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. नाटक कंपन्यांची तालीम ही मुलांच्या भल्यासाठी नव्हती, धंद्यासाठी होती. पोरे घरापासून तुटत, गावोगाव हिंडत, त्यांचे शालेय शिक्षण अर्ध्यावर राही. मारही पडे. स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाचा आवाज वयात येताना फुटला की त्याचे कंपनीतले स्थान एका ऋतूत जाऊ शकत असे, आणि ज्या गळ्यावर सगळे उभे होते तोच फुटताना सांभाळायचा कसा, याचा विचार फार थोड्यांनी केला. अशा व्यवस्थेचे गोडवे गाऊ नयेत, आणि मी ते गात नाही. पण या आक्षेपातून निघते काय? कंपनीकडे विद्या होती आणि मुलांविषयीची जबाबदारी नव्हती. शाळेकडे जबाबदारी होती आणि विद्या नव्हती. दोन्ही एकत्र आल्या असत्या तर मुलांचे कल्याण झाले असते. त्या एकत्र का आल्या नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

शाळांना नाटकाचे वावडे होते असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतले विद्यार्थी शेक्सपिअर आणि संस्कृत नाटके करत होते, आणि तिथूनच स्नेहसंमेलनाची प्रथा शाळांत उतरली. पण तिचा कल पहिल्यापासून दाखवण्याकडे होता. संमेलनाला पाहुणे येत, पालक येत. नाटक ही संस्थेची शोभा होती. वर्षभर आवाजासाठी शाळेत जे होते ते म्हणजे पाठांतर, वक्तृत्व आणि चालीवर म्हटलेल्या कविता. शरीरासाठी कवायत आणि लेझीम. लेझीम ही उत्तम गोष्ट आहे, ताल आणि पाऊल तिथे एक होतात, पण तिच्यात शंभर मुले एकच हालचाल करतात; नाट्यात प्रत्येकाला आपली हालचाल शोधावी लागते. शाळेबाहेर मात्र १८९४ पासून पुण्यात गणेशोत्सवाचे मेळे सुरू झाले आणि पोरांच्या टोळ्या गाणी, संवाद आणि पावली यांचा सराव करू लागल्या. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तेच काम गावकुसाबाहेरच्या तरुणांसाठी केले. ज्यांना शाळेने बोलायला शिकवले नाही, त्यांना जलशाने हजारोंसमोर उभे केले. हे सगळे घडत असताना शाळेची दारे मिटलेलीच होती असे वाटावे इतका हा प्रवाह शिक्षणाच्या इतिहासातून गायब आहे.

कंपनी आणि शाळा या दोन्ही बाजू एका माणसात भेटल्याचे एक उदाहरण आहे. प्रल्हाद केशव अत्रे पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, शिक्षणशास्त्र शिकून आलेले होते, शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी 'गुरुदक्षिणा'सारखी नाटके लिहिली. आणि त्यांचे 'साष्टांग नमस्कार' १९३३ साली रंगभूमीवर आणले ते बालमोहन नाटक मंडळीने, म्हणजे ज्या कंपनीत पोरेच नट होती तिने. एका हाताखाली शाळेतली मुले, दुसऱ्या हाताखाली कंपनीतली मुले, आणि वय जवळपास एकच. कंपनीची तालीम शाळेच्या वेळापत्रकात येण्याची याहून चांगली संधी क्वचितच आली असेल. पण काळ उलटा फिरला. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि नाटक कंपन्या एकेक करून बसत गेल्या. तालीम मास्तर गेले, आणि त्यांच्या मागे त्यांची विद्या कुठल्या अध्यापक विद्यालयात नोंदवली गेली नाही. माझ्या मते मराठी शिक्षणाच्या इतिहासातले हे मोठे नुकसान आहे, आणि त्याची कुठे हळहळही झालेली नाही.

त्यानंतर जे झाले ते थोडे झाले आणि चांगले झाले. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून आलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला, समुद्रकाठच्या गावात, ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. बालवाडीतले अभिनयगीत मराठी शिक्षणात रुजले ते या परंपरेमुळे. मूल गाते, हात पसरते, वाकते, उडी मारते, आणि आवाज व शरीर वेगळे नाहीत हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. दुर्दैव असे की पहिलीत पाऊल ठेवताच ते बाकावर बसते आणि अभिनयगीत बालवाडीत मागे राहते. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तरुणांना गाण्या-नाचण्यातून उभे केले. त्याच कलापथकातले शाहीर लीलाधर हेगडे यांनी पुढे खारदांड्याच्या शेजारी, सांताक्रूझला, साने गुरुजी आरोग्य मंदिराचे काम उभारले. १९५९ साली सुधा करमरकरांनी 'मधुमंजिरी' करून बालरंगभूमीला व्यावसायिक शिस्त दिली, १९६२ पासून रत्नाकर मतकरींनी बालनाट्य ही संस्था चालवली, आविष्कारच्या चंद्रशालेने 'दुर्गा झाली गौरी'मधून मुलांचे मोठे समूह नाचवले, आणि १९८६ पासून मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्यात, जर्मनीतल्या ग्रिप्स या बालरंगभूमीच्या धर्तीवरची नाटके सुरू झाली. जुहूला १९७८ साली पृथ्वी थिएटर उघडले आणि तिथे मुलांसाठी उन्हाळी कार्यशाळा भरू लागल्या. खारदांड्याच्या किनाऱ्यावरून ती जागा फार दूर नाही. पण कार्यशाळेला जाते ते मूल, ज्याच्या घरी कार्यशाळा म्हणजे काय हे माहीत असते आणि तिचे शुल्क परवडते. मतकरींना हे जाणवले होते; म्हणून आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी ठाण्याच्या वस्त्यांतल्या मुलांबरोबर 'वंचितांचा रंगमंच' हे काम उभे केले. सगळी मुले एका छताखाली रोज येतात अशी जागा एकच आहे, आणि ती शाळा आहे.

मग शाळेत शिकवायचे काय? नाट्यशास्त्रात पाठ्याचे सहा अलंकार सांगितले आहेत: उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित. नावे जड आहेत, गोष्ट सोपी आहे. चौथीच्या वर्गाला दोन शब्द द्या, 'होडी आली'. ती लांबच्या माणसाला सांगायची आहे: आवाज मस्तकातून वर चढतो, 'ली' लांबतो, हात आपोआप तोंडाशी जातो. हे उच्च. आता शेजाऱ्याशी भांडण आहे, तो म्हणतो आली नाही: 'आली!' हे दीप्त, आणि बघा, मुलाची मान पुढे आलेली असेल. रात्रभर वाट पाहून थकलेल्या आजीने म्हणायचे: आवाज छातीत उतरतो, खांदे पडतात. हे मंद्र. आजारी माणसाने पडल्या पडल्या पुटपुटायचे, ते नीच. वादळ येत असताना घाईने, धापा टाकत, ते द्रुत. आणि होडी तर आली, पण त्यात एक माणूस कमी दिसतो, असे मनात येऊन थबकत म्हणायचे, ते विलंबित. वेळ पंधरा मिनिटे, साहित्य काही नाही. मूल यातून दोन गोष्टी शिकते. अर्थ शब्दात असतो तितकाच स्वरात असतो, ज्याला आपले शास्त्र काकू म्हणते. आणि आवाज बदलला की शरीर बदलते, शरीर बदलले की आवाज. एका मुलाला पाठ वाकवून 'दीप्त' म्हणायला सांगा, त्याला ते जमणार नाही, आणि न जमण्याचे कारण तो स्वतःच शोधून काढील. डॉ. अशोक रानडे यांनी आवाज-साधनेचा विचार मराठीत शास्त्र म्हणून मांडला तो याच पायावर: आवाज ही केवळ देणगी नव्हे, घडवता येणारी गोष्ट आहे, आणि तो फक्त गवयांचा प्रश्न नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे आणि तो कोळीवाड्यातूनच यायला हवा. आवाज घडवण्याच्या नावाखाली आजवर झाले ते उच्चार 'सुधारणे'. वक्तृत्व स्पर्धेत 'ण'ला 'न' म्हणणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात. कोळी बोलीत 'पानी' आहे, 'होरी' आहे, आणि शाळेत आल्यावर मूल पहिली गोष्ट शिकते ती ही की आपले तोंड उघडले की लोक हसतात. मग ते तोंड उघडतच नाही. नाट्यशिक्षण म्हणजे प्रमाण उच्चारांची आणखी एक कवायत असेल तर ते नसलेले बरे. पण वरचे सहा प्रकार पुन्हा पाहा. 'होडी' म्हणा की 'होरी', उच्च हा उच्चच राहतो आणि विलंबित विलंबितच. काकूला बोलीची अट नाही. उलट ज्या घरात हाक घालण्याची, भाव करण्याची, शिमग्यात गळा मोकळा सोडण्याची सवय आहे तिथल्या मुलाला हे आधी जमते, आणि वर्गात पहिल्यांदा ते इतरांच्या पुढे असते. प्रमाण मराठी त्याला यायलाच हवी, ती त्याची गरज आहे; पण ती घाबरलेल्या तोंडाला येत नाही.

अभ्यासक्रमाला वेळ पुरत नाही, हा तिसरा आक्षेप मला फारसा वजनदार वाटत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने नाट्याला शालेय कलाशिक्षणात जागा दिली, बालभारतीच्या प्राथमिक वर्गांच्या 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकात नाट्य हा भाग आहे. कागदावर तरतूद आहे. शिक्षकांना हे शिकवले गेलेले नाही, ही अडचण खरी आहे. पण त्यासाठी नट व्हावे लागत नाही. कीर्तन ऐकलेल्या, भारूड पाहिलेल्या कुठल्याही मराठी शिक्षकाच्या कानात शब्दफेक असतेच. राहिली ती भीती की मुले मालिका आणि रिॲलिटी शोच्या मागे लागतील. ती मुले आजही लागतात, आणि त्यांच्या पालकांना फसवणारे पुष्कळ आहेत. रोजच्या तालमीतून गेलेल्या मुलाला निदान हे कळते की टाळी आणि काम या वेगळ्या गोष्टी आहेत.

शाळेत रोज सकाळी परिपाठ होतो. प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, बोधकथा. एक मूल पुढे येते, माइकला ओठ लावते आणि खाली मान घालून कागद वाचते. मागच्या ओळीला काही कळत नाही आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही. खारदांड्यातल्या आणि अशा प्रत्येक वस्तीतल्या मुख्याध्यापकांना विनंती आहे की येत्या जूनपासून परिपाठाची दहा मिनिटे तालमीला द्या. माइक बंद ठेवा, कागद काढून घ्या, मुलाला पाय रोवून उभे राहू द्या आणि सुविचार मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या मित्राला सांगायला लावा. पहिले आठ दिवस हसू होईल, होऊ द्या.